आधी माणशी दोनच बश्या सांग

मायोर्काला सासूबाईंना घेऊन जातेयस, आणि हॉटेलच्या बुफेऐवजी पाल्माच्या गल्ल्यांत टापास खायचं ठरवलंयस, हे फार छान केलंस. पण तो वहीतला तक्ता आधी फाड बघू. कुठल्या दिवशी कुठे बसायचं, कोण काय खाणार, किती सांगायचं... अगं, निम्मी सुट्टी तर तू त्या वहीतच घालवशील. खरं सांगू का, टापास म्हणजे एकदा ऑर्डर देऊन मोकळं होण्याचा प्रकारच नाही. थोडं मागवायचं, खायचं, गप्पा मारायच्या, मग आणखी थोडं मागवायचं. तुम्ही चौघं आहात ना? सुरुवातीला माणशी दोन बश्या पुष्कळ झाल्या. पोट कुणाचं पळून जात नाही, आणि स्वयंपाकघर रात्री उशिरापर्यंत चालू असतं.

मेनूवर एकाच पदार्थापुढे दोन-तीन भाव दिसले तर गोंधळू नकोस. टापा म्हणजे छोटी बशी, रासियोन म्हणजे मोठी, आणि मेदिया रासियोन म्हणजे त्या मोठीच्या निम्मी. बटाटे, ऑलिव्ह वगैरे छोट्या बशीतच मागव. सगळ्यांना आवडलं तर दुसऱ्या खेपेला मोठी सांगता येते. आणि बघ, जे तयार होईल ते आधी येतं. गरम आधी, थंड मागाहून, असंही होतं. 'अजून बाकीचं का नाही आलं?' म्हणून तुझ्या नवऱ्याला वेटरच्या मागे पळू देऊ नकोस.

आता वेळ. तुझा सगळ्यात मोठा वैरी तोच आहे. दुपारचं जेवण दीडच्या पुढे, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं, बारवर फार तर थंड काहीतरी मिळेल. मी पहिल्यांदा शहाण्यासारखी साडेसहाला जेवायला जाऊन बसले होते, आणि आतला मुलगा माझ्या पायाखालची फरशी पुसत होता! उन्हाळ्यात तिथे सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपल्यालाही उशीर झाल्यासारखं वाटत नाही. तुझ्या पिल्लाला मात्र सहाच्या सुमारास काहीतरी खाऊ घाल. पाल्मात कान जोआन दे साइगो म्हणून १७०० सालापासूनचं दुकान आहे, तिथलं बदामाचं आइस्क्रीम दे. मग नऊ वाजेपर्यंत कुरकुर नाही.

सासूबाईंची काळजी मला कळते गं. त्या शाकाहारी, पण अंडं चालतं म्हणालीस, म्हणजे अर्धा गड सर झाला. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, तोर्तिया, कुठेही मिळतं. फक्त 'शाकाहारी आहे' एवढ्यावर थांबू नकोस. तिकडे 'कार्ने' म्हटलं की ढोबळपणे मटण-बीफसारखं मांस डोळ्यांपुढे येतं. हॅमचे बारीक तुकडे आणि टूना त्यात कुणी धरेलच असं नाही. म्हणून सरळ नावं घे: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, म्हणजे मांस, हॅम, मासे, टूना यांतलं काहीही नको. एन्सालादिया रुसा म्हणून बटाट्याचं पांढरं सॅलड सगळीकडे असतं, त्यात बहुतेकदा टूना असतो. क्रोकेतास दिसायला निष्पाप, पण आत हॅम. पालकाची किंवा मश्रूमची आहेत का, ते विचार. आणि बारच्या छताला डुकराच्या अख्ख्या तंगड्या टांगलेल्या असतील, तेव्हा सासूबाईंची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून लाव, नाहीतर बाहेरच बसा. बाहेर बसायचे काही ठिकाणी चार पैसे जास्त पडतात, ते या कारणासाठी खुशाल मोज.

त्यांच्यासाठी दोन पदार्थ तर मी डोळे मिटून सांगेन. एक तुंबेत. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची वेगवेगळं तळून एकावर एक रचायचं आणि वर टोमॅटोचा रस्सा. आपल्या काचऱ्यांची ही तिकडची मावसबहीण समज. कधीकधी वर मासा किंवा अंडं ठेवून देतात, तेवढं आधी विचारून घे.

दुसरा पा आंब ओली. त्या बेटाचा खरा जीव यात आहे. तिथला काळसर पाव मुळात बिनमिठाचा असतो. त्यावर टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ. काही ठिकाणी हे करून देत नाहीत, सगळं सुटं आणून ठेवतात. मग लहानसा, जाड सालीचा टोमॅटो आडवा काप आणि पावावर घासत राहा, हातात नुसतं साल उरेपर्यंत. या टोमॅटोंना रामायेत म्हणतात. दोऱ्यात ओवून टांगून ठेवले की हिवाळाभर टिकतात. नंतर तेलाची धार, आणि इथे हात आखडू नकोस. सासूबाईंना हे काम दे बघ, दहा मिनिटं त्या कशालाही नावं ठेवणार नाहीत. वर हॅमऐवजी चीज सांग. शेजारच्या मेनोर्का बेटावरचं माओ चीज खारट आणि ठसकेबाज असतं.

पिमियेंतोस दे पाद्रोन मागवायला विसरू नकोस. छोट्या हिरव्या मिरच्या, तेलात परतून साल फुगून काळपट ठिपके पडलेल्या, वर जाडं मीठ. देठ धरून अख्खी तोंडात टाकायची. बहुतेक गोडसर निघतात, एखादी मात्र सणसणीत. आसपासचे लोक त्या एकीला घाबरतात आणि आपली माणसं तिचीच वाट बघत बसतात!

आणखी एक अडचण येणार, ती आत्ताच सांगून ठेवते. बशी मधोमध येते आणि सगळे आपापला काटा तिच्यात घालतात. सासूबाईंना ते उष्टं वाटणार, आणि तसं त्यांना वाटलं तर त्यांचं काही चुकत नाही. त्यावर वाद घालू नकोस. बसल्याबसल्या प्रत्येकाला रिकामी बशी आणि वाढायला वेगळा चमचा माग, त्यांना आधी वाढ, मग बाकीच्यांना काय गोंधळ घालायचाय तो घालू दे. वेटरला यात काही वावगं वाटत नाही. आणि हो, वाढता वाढता तूच उपाशी राहू नकोस. ही खोड आपल्याला परदेशातही सुटत नाही.

प्यायला नवऱ्याला सांग्रियाचा भला मोठा जग घेऊ देऊ नकोस. तो प्रामुख्याने आपल्यासारख्या पाहुण्यांसाठीच. तिंतो दे वेरानो, म्हणजे वाइनमध्ये लिंबाचा सोडा, हलकं आणि बरंच स्वस्त. सासूबाईंना सोयेरच्या संत्र्यांचा ताजा रस. साधं पाणी हवं तर आग्वा देल ग्रिफो माग. नळाचं पाणी फुकट द्यावं, असा तिथे २०२२ मध्ये कायदाच झालाय. पाल्माच्या नळाची चव मात्र जड आहे. नाही आवडलं तर बाटली घे, एवढ्यासाठी तोंड वाकडं करत बसू नकोस.

न मागता पाव, ऑलिव्ह आणि लसणीचं पांढरं अलिओली येईल. ते बहुधा फुकट नसतं. हवं असेल तर ठेवून घे, नको असेल तर हसून परत दे. कर भावातच धरलेला असतो. टिप सक्तीची नाही, वरची सुटी नाणी ठेवलीस तरी चालतं. आणि बिल तू मागेपर्यंत कुणी आणणार नाही. विसरलेत असं समजून मनात धुसफुसू नकोस, उठवून लावणं तिकडे उद्धटपणाचं मानतात.

एन्साइमादाचं तेवढं राहिलं. विमानतळावर जो तो अष्टकोनी खोके घेऊन निघालेला दिसेल, त्यात पिठीसाखर भुरभुरलेला गोल गुंडाळीचा गोड पाव असतो. तो परंपरेने डुकराच्या चरबीत करतात, तेव्हा तो सासूबाईंच्या पिशवीत जाऊ देऊ नकोस. त्यांना गातो घेऊन दे, बदाम, अंडी आणि साखरेचा केक, मैदासुद्धा नसतो. तुला एन्साइमादा खायचाच असेल तर सकाळी एकटी बाहेर पड आणि कॉफीबरोबर खाऊन ये.