न मोजलेली विहीर

चि. सायली,


सिन्नर तालुक्यातल्या विहिरींची तुझी केएमएल फाइल पाहिली. ठिपके दिसतात, पण पाण्याची पातळी कोडच्या हाती लागत नाही, अशी तुझी तक्रार. तू गूगल मॅप्सचा तयार केएमएल लेयर वापरलास. तो फाइल गूगलच्या सर्व्हरवर वाचतो आणि क्लिक झाल्यावर नाव, वर्णन असं मोजकंच परत देतो. बाकीचं हवं असेल तर फाइल आपणच वाचायची. फेचने मजकूर आण, डॉमपार्सरला दे आणि एकेक प्लेसमार्क काढ. केएमझेड असेल तर ती झिप आहे, आधी उघडावी लागेल.

पाण्याच्या पातळीसारखे तुझे रकाने एक्सटेंडेडडेटा या टॅगमध्ये आहेत. माय मॅप्समधून काढलेल्या फाइलीत आत डेटा हा टॅग असतो. रकान्याचं नाव त्याच्या नेम या ॲट्रिब्यूटमध्ये आणि मूल्य व्हॅल्यू या टॅगमध्ये. क्यूजीआयएसमधून काढलेल्या फाइलीत बहुधा स्कीमाडेटा आणि त्यात सिंपलडेटा. तिथे मूल्य थेट टॅगच्या आतच. तुला दोन्हीकडून फाइली येणार, तेव्हा दोन्ही ओळखणारं एकच फंक्शन लिही.

आता कळकळीनं सांगतो ते नीट वाच. टॅगमधून येतो तो निव्वळ मजकूर, आकडा नव्हे. रिकामा मजकूर नंबर या फंक्शनला दिलास की जावास्क्रिप्ट बिनदिक्कत शून्य देते. तुझ्या रकान्यात पाणी जमिनीखाली किती मीटरवर आहे ते लिहिलंय. म्हणजे जी विहीर कुणी मोजलीच नाही, ती नकाशावर काठोकाठ भरलेली दिसणार! उन्हाळ्यात त्या नकाशाकडे बघून कुणी टँकर दुसऱ्या वाडीला वळवला तर? म्हणून आधी ट्रिम कर, काही उरलं नाही तर नल ठेव, मगच आकडा कर. गावात भरलेल्या तक्त्यांत ‘४.५’ असे देवनागरी अंकही येतील. त्यांचं नंबर केलं की एनएएन मिळतं. ते अंक आधी बदलून घे.

केएमएलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर, लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीला मात्र अक्षांश आधी लागतो. अदलाबदल झाली तर सिन्नरची विहीर नॉर्वेच्याही उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. शून्याची भरत नाही, म्हणून तिची मला जास्त धास्ती. आणि लोकांनी भरलेली नावं पानावर दाखवताना टेक्स्टकंटेंटच वापर, इनरएचटीएमएल नको.

नल आलेल्या विहिरी करड्या रंगात दाखव आणि त्यांची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना नेऊन दे. पाऊस सुरू होण्याआधी त्या मोजून घ्यायला सांग.

तुझा,
मामा