शब्दबोध : ‘फॉरसेक’ म्हणजे नेमके काय?



गेल्या पवित्र सप्ताहात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या एका मुलीने धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले, “टीचर, फॉरसेक म्हणजे सोडून जाणेच ना? मग देवबापाने येशूला क्रुसावर सोडून दिले का?” प्रश्न लहान मुलीचा, पण मोठ्यांनाही निरुत्तर करणारा. म्हणून आज हा एक शब्द नीट समजून घेऊ या.

शब्दाची घडण

वर्तमानकाळी ‘फॉरसेक’, भूतकाळी ‘फॉरसुक’ आणि ‘हॅव’बरोबर किंवा कर्मणी प्रयोगात ‘फॉरसेकन’ अशी या क्रियापदाची रूपे आहेत. जुन्या इंग्रजीत ‘साकान’ म्हणजे तंटा करणे, दावा मांडणे. त्याला ‘फॉर’ हा उपसर्ग लागून ‘नाकारणे, झिडकारणे’ असा अर्थ झाला. पुढे तो ‘साथ सोडणे’ या अर्थावर स्थिरावला. ‘तुझ्यासाठी’ या अर्थाने आपण ‘फॉर युवर सेक’ म्हणतो, त्यातला ‘सेक’ही त्याच कुळातला.

‘लीव्ह’ आणि ‘फॉरसेक’

मुलगा सकाळी घर सोडून कामावर जातो, ते ‘लीव्ह’. त्यात दोष नाही, तो संध्याकाळी परत येतो. शिपाई पहारा सोडून पळतो, ते ‘डेझर्ट’. बुडते जहाज खलाशी सोडून देतात, ते ‘अबॅण्डन’. माणसांबद्दलही हे दोन्ही शब्द येतात. ‘फॉरसेक’ मात्र मुख्यतः तिथे शोभतो जिथे आधी नाते होते, शब्द दिलेला होता, आणि समोरच्याचा आपल्यावर भरवसा होता. दार ओलांडले म्हणून कोणी ‘फॉरसेकन’ होत नाही. भरवसा मोडला की होतो.

मराठीत ‘त्याग’ म्हटले की मोठेपणा आठवतो, ‘टाकणे’ म्हटले की अपमान. ‘वाऱ्यावर सोडणे’ जवळचे आहे. पण सर्वांत जवळचा आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचा शब्द आहे : ‘अंतर देणे’. मुलगी सासरी पाठवताना आई जावयाला विनवते, “माझ्या पोरीला अंतर देऊ नका.” ‘फॉरसेक’ म्हणजे अंतर देणे.

पवित्र शास्त्रात

जुन्या करारात यासाठी ‘आझब’ हे हिब्रू क्रियापद येते. गंमत अशी की पुरुष आईबापाला सोडून पत्नीशी जडून राहतो, तिथेही (उत्पत्ती २:२४) हेच क्रियापद आहे. रूथ आपल्या सासूला सोडून जायला नकार देते, तिथेही (रूथ १:१६) तेच. म्हणजे सोडणे नेहमीच पाप नसते. काय सोडतो आणि कशासाठी सोडतो, हे पाहावे लागते.

शिष्यांचेच पाहा. १६११च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात पेत्र, याकोब व योहान सर्व काही ‘फॉरसेक’ करून येशूमागे जातात (लूक ५:११). आणि येशूला अटक होते त्या रात्री सगळे शिष्य येशूलाच ‘फॉरसेक’ करून पळतात (मार्क १४:५०). मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. ज्यांनी येशूसाठी सर्व सोडले, त्यांनीच भीतीपोटी येशूला सोडले. आपल्यालाही हे नवे नाही.

क्रुसावरील आक्रोश

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. येशूने क्रुसावर उच्चारलेला ‘सबख्थनी’ हा अरामी शब्द म्हणजे ‘मला अंतर दिलेस’. हे बाविसाव्या स्तोत्राचे सुरुवातीचे शब्द आहेत. झावळ्यांच्या रविवारी प्रतिसाद स्तोत्र म्हणून आपण तेच म्हणतो. ते स्तोत्र आक्रोशाने सुरू होते, पण देवाने पीडिताची हाक ऐकली या स्तुतीने संपते. शिवाय ज्याने खरोखर टाकले आहे त्याला कोणी ‘माझ्या देवा’ म्हणून हाक मारत नाही.

कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्र. ६०३) सांगते की पित्याने येशूला धिक्कारले नाही. पापामुळे देवापासून दुरावलेल्या आपणा सर्वांच्या वतीने येशूने तो आक्रोश केला. याचा अर्थ वेदना खोटी होती असा नाही. वेदना खरी होती, आणि नातेही तुटले नव्हते.

कोलकात्याच्या संत मदर तेरेझा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली. देव दूर आहे असे त्यांना अनेक वर्षे वाटत होते, हे तेव्हा जगाला कळले. तरीही १९५२ साली कालीघाट येथे सुरू केलेल्या ‘निर्मल हृदय’मध्ये रस्त्यावर टाकलेल्या मरणोन्मुखांची सेवा त्यांनी सोडली नाही. स्वतःला ‘फॉरसेकन’ वाटत असताना त्यांनी दुसऱ्या कोणाला तसे वाटू दिले नाही.

आपल्यासाठी

घरात राहूनही अंतर देता येते. आजी त्याच छपराखाली असते, जेवणाचे ताट वेळेवर मिळते, पण दिवसभर तिच्याशी कोणी बोलत नाही. उलट परदेशात नोकरी करणारा मुलगा रोज रात्री आईला फोन करतो. तो दूर आहे, पण त्याने अंतर दिलेले नाही.

त्या मुलीला आम्ही इतकेच सांगितले : “बाळा, येशूला तसे वाटले, कारण तसे वाटणाऱ्या प्रत्येकाजवळ त्याला बसायचे होते.”

या आठवड्यासाठी

१. स्तोत्र २२ शेवटपर्यंत वाचा. निम्म्यावर थांबू नका.
२. इब्री १३:५ मधील देवाचे वचन कुटुंबात एकत्र वाचा.
३. आपण कोणाला अंतर दिले आहे का? एक नाव आठवा, आणि पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी त्या व्यक्तीच्या दारी जाऊन या.