मेजिरो : जपानमधला चष्मेवाला

मंडळी, फेब्रुवारीत तोक्योच्या कुठल्याही बागेत फुललेल्या उमेच्या झाडाखाली पाच मिनिटं उभे राहा. चिमणीहून लहान, पोपटी-हिरवा पक्षी फांदीला उलटा लटकून फुलात चोच खुपसताना दिसेल. डोळ्याभोवती पांढरं कडं. हाच मेजिरो, म्हणजे 'पांढऱ्या डोळ्याचा'. याचा भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही आहे. त्याला मराठीत चष्मेवाला म्हणतात.

ओळख

पुष्कळ लोक, अगदी जपानी शेजारीसुद्धा, याला उगुइसु समजतात. पण 'होऽऽ होकेक्यो' अशी शीळ घालणारा उगुइसु तपकिरी असतो आणि झुडपात लपून राहतो. यामानोते लाइनवरच्या मेजिरो स्टेशनचाही या पक्ष्याशी संबंध नाही बरं का! ते नाव मेजिरो-फुदो या देवस्थानावरून आलं.

खाणंपिणं

लांबी 12 सेंटिमीटर, वजन जेमतेम 10-12 ग्रॅम. जिभेचं टोक कुंचल्यासारखं, त्यामुळे मकरंद झटकन टिपता येतो. ऑस्ट्रेलियातल्या खऱ्या मधखाऊ पक्ष्यांच्या कुळातला हा नव्हे, पण धंदा तोच. जोडीला किडे, कोळी आणि मऊ फळंही लागतात.

आता गंमत पाहा. ऐन थंडीत मधमाश्या फारशा फिरत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच लाल त्सुबाकी फुलते. तिला वास जवळजवळ नाही, मकरंद मात्र भरपूर. लाल रंग मधमाशीपेक्षा पक्ष्याला चांगला दिसतो. मेजिरो येतो, पाकळीत नखं रोवून पितो आणि परागांनी पिवळं झालेलं तोंड घेऊन पुढच्या फुलावर जातो. त्यातून बी धरतं. इझु-ओशिमाचं प्रसिद्ध त्सुबाकी तेल अशाच बियांचं. आपल्याकडे पळस-पांगाऱ्यावर पक्ष्यांची झुंबड उडते, तोच हा व्यवहार.

संसार

शेवाळ आणि गवत कोळ्याच्या जाळ्यांनी बांधून फांदीच्या बेचक्यात वाटीसारखं घरटं टांगतात. अंडी 3 ते 5. नर-मादी आळीपाळीने सुमारे 11 दिवस उबवतात. एका फांदीवर खेटून बसायची यांची सवय, म्हणून दाटीवाटीला जपानीत 'मेजिरो-ओशि' म्हणतात. सकाळच्या गाडीत आपण ती रोज अनुभवतोच!

पिंजरा नको

गोड गळ्यापायी हा पिंजऱ्यात अडकला. गाण्याच्या पैजाही लागत. पूर्वी परवाना काढून एका कुटुंबाला एक मेजिरो पाळता येई. 2012 पासून त्यासाठी पकडणंही तत्त्वतः बंद झालं. उलट 1929 मध्ये माणसांनी हवाई बेटांवर नेलेला मेजिरो तिथे इतका वाढला, की तिथल्या मूळ पक्ष्यांच्या अन्नात वाटेकरी झाला. म्हणजे पक्षी आपल्या जागी, मोकळाच बरा. आम्हाला वाटतं, आपण एवढं करावं : जमल्यास कुंडीत एक त्सुबाकी लावावी.

मुलांसाठी गृहपाठ

त्सुबाकीचं फूल अख्खंच गळून पडतं. असं एक फूल उचला आणि पाकळ्यांवर बारीक तपकिरी ओरखडे शोधा. सापडले, तर मेजिरो तिथे जेवून गेला असं समजा!