आरोग्यचिंतन : एका घरात दोन उत्तरे



गेल्या हिवाळ्यात नातवाने प्रेमाने प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणून दिला. मी ह्यांना रोज सकाळी दोन चमचे दुधातून देऊ लागले. ह्यांना मधुमेह आहे आणि मूत्रपिंडे मंदावली आहेत, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. माझ्या लक्षात राहिले नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारले, "नवीन काही सुरू केले का?" डबा त्याच दिवशी बंद झाला. मात्र माझा आहार ऐकून ते म्हणाले, "आजी, तुम्ही फारच कमी प्रथिने खाता!" माझे जेवण म्हणजे चहा-खारी, पातळ वरण-भात आणि रात्री थोडे दूध.

येथे अमेरिकेत हल्ली चिप्सपासून पाण्यापर्यंत सगळ्यावर 'प्रोटीन' छापलेले असते. ते चांगले की वाईट? उत्तर माणसागणिक वेगळे आहे.

प्रौढांसाठी साधारण हिशेब किलोमागे 0.8 ग्रॅमचा, म्हणजे 60 किलो वजनाला 48 ग्रॅम. वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणून अनेक तज्ज्ञ ज्येष्ठांना किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण बहुधा कमी ठेवावे लागते, तर डायलिसिसवर असणाऱ्यांना उलट जास्त लागते. म्हणून शेजारणीचे ऐकून ठरवू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

डब्यातली व्हे पावडर म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीची भुकटी. महागडे ग्रीक योगर्ट आपल्या चक्क्याचेच भावंड. अशा पावडरी पूरक आहार म्हणून विकल्या जातात; बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. प्रोटीन बारमध्ये साखर किती, हेही चष्मा लावून वाचावे.

आता आपले ताट पाहा. कपभर दूध 8 ग्रॅम, दोन वेळची वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण मिळून 15, चार पोळ्या 12, वाटीभर दही 5, मूठभर शेंगदाणे 7, पनीरचे 50 ग्रॅम तुकडे 9. बेरीज 56! डाळीत जे कमी ते धान्यात असते आणि धान्यात जे कमी ते डाळीत, म्हणून वरण-भाताची जोडी शहाणपणाची. फक्त वरण पाण्यासारखे नको. एकादशीला लक्षात ठेवा, साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीत दाण्याचे कूट सढळ हाताने घाला, सोबत दही घ्या.

नुसते खाऊनही भागत नाही. मी आता रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. मंदिराच्या पायऱ्या चढताना फरक जाणवतो.

एक विनंती. आपल्यातले काही ज्येष्ठ एकटे राहतात. बर्फ पडले की दुकानात जाणे होत नाही आणि चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. हिवाळ्यातील डबा सेवेसाठी मूगडाळ, मटकी, हरभरे, शेंगदाणे यांची पाकिटे देणगीपेटीशेजारच्या टोपलीत ठेवावीत. गाडी चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एक डबा पोहोचवला तरी मोठे पुण्य. आणि डबा देताना दोन मिनिटे बसा, दादा-काकू जेवतात ना, हे पाहा.

आपली,
मंदिराच्या स्वयंपाकघरातील एक सेविका