डीजेच्या वाटेवर पहिला खर्च कशावर?

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडमधल्या कितीतरी घरांत पुढची दोन वर्षं ठरलेलीच असतात: अकरावी विज्ञान, शिकवणी, मग नीट नाहीतर जेईई. 'लातूर पॅटर्न'नं इथल्या शेतकऱ्यांच्या आणि लहान नोकरदारांच्या लेकरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्यामुळे पालकांचा त्यावरचा विश्वास अनाठायी नाही. अशा घरात एखाद्यानं 'मला डीजे व्हायचंय' म्हटलं की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, रात्रीची जागरणं आणि पोलीस ठाणं उभं राहतं. ही भीती खरी आहे, पण ती एका वेगळ्याच धंद्याविषयीची आहे. आपल्याकडे एकाच नावाखाली दोन कामं चालतात. एकात माणूस साउंड सिस्टीम, जनरेटर आणि गाडी घेऊन भाड्यानं लावतो. दुसऱ्यात माणूस गाणी निवडतो, एकातून दुसऱ्यात नेतो, ऐकणाऱ्यांशी बोलतो. पहिल्यात भांडवल कमावतं, दुसऱ्यात अंगातलं कौशल्य. मुलानं दुसरं शिकावं आणि घरानं पहिल्यासाठी कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी भाड्याच्या धंद्याचं गणित मांडू. बेस, टॉप, अॅम्प्लिफायर, जनरेटर, लाइट आणि टेम्पो धरला तर खर्च लाखांत जातो, आणि हप्ता दर महिन्याला येतो. काम मात्र दर महिन्याला येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, उन्हाळ्यात भरात येते आणि आषाढीला चातुर्मास लागला की थंडावते. अधूनमधून शिवजयंती, भीमजयंती, गणपती, नवरात्र. या तारखांनाही हात सैल सुटेलच असं नाही, कारण इथली लग्नं सोयाबीनच्या भावाकडे बघून ठरतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. तसं वर्ष आलं की वरातीच्या खर्चाला आधी कात्री लागते. शिवाय आवाजावर कायद्याचं बंधन आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते. ज्या धंद्यात मोठा आवाज हाच विकायचा माल आहे, तो धंदा कायम या मर्यादेच्या पलीकडे पाय टाकून उभा असतो. जप्ती झाली तर सिस्टीम ठाण्यात राहते आणि हप्ता चालूच राहतो.

कानाचा विचार तर कुणी करतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम चालू शकतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबल हीच वरची मर्यादा सांगितली. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ज्याची सगळी कमाई कानावर अवलंबून, त्यानं सतराव्या वर्षी तो मिरवणुकीच्या गाडीवर झिजवू नये.

आता दुसरं काम. त्याची उत्तम शाळा म्हणजे रेडिओ, आणि ती नांदेडमध्ये आहे: १०१.१ मेगाहर्ट्झवर आकाशवाणी, शिवाय माय एफएमसारखं खासगी केंद्र. आकाशवाणी स्वरचाचणी घेऊन नैमित्तिक उद्घोषक निवडते. ती कायम नोकरी नव्हे, मानधनही बेताचंच. पण माइकसमोर जे अंगवळणी पडतं ते विकत मिळत नाही. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळात, गायकाचा आवाज लागायच्या आत वाक्य संपवणं. घड्याळावर नजर ठेवून तासाचा आलेख बांधणं. भजनानंतर थेट ठेक्याचं गाणं न लावता मध्ये काय हवं ते ओळखणं. क्लबमधल्या डीजेचंही मूळ काम हेच, फक्त त्याला शब्दांऐवजी लय आणि स्वरपट्टी जुळवावी लागते. यात आपल्या मुलांकडे एक ठेवा आहे, त्याची त्यांना कल्पना नसते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, शहरात दखनी उर्दू आणि पंजाबी, किनवट-माहूरकडे बंजारा गाणी, आणि भीमगीतं तर गावोगावी. इतक्या तऱ्हेचं संगीत लहानपणापासून ऐकलेला कान पुण्या-मुंबईत शिकवणी लावून तयार होत नाही.

यावर सुजाण पालक विचारतील, गाणी फोनवर आपोआप लागतात, मग रेडिओ ऐकतो कोण? आक्षेप रास्त आहे. रेडिओवर जन्मभर पोट भरेल असं गृहीत धरू नये. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्या यादीत लातूर आणि उदगीरही आहेत. पण लिलावाची मंजुरी म्हणजे उद्याची नोकरी नव्हे. रेडिओकडे शिक्षण म्हणून बघावं. तिथला आवाज पुढे जाहिरात, निवेदन, पॉडकास्ट, ऑडिओबुक अशा कामांत चालतो, आणि तिथला कान संगीतनिर्मितीत. क्रेटेक्स या निर्मात्यानं श्रेयससोबत केलेलं 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस गाणं २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं. एका यशावरून हजारांचं भविष्य सांगता येत नाही, हे मान्य. पण नाचाच्या संगीताला मराठी चालत नाही, हा समज त्यानं नक्कीच मोडला.

दुसरा आक्षेप असा की नांदेड-लातूरला क्लब आहेत कुठे? जवळपास नाहीतच. तो बाजार पुणे, मुंबई, गोव्याचा, आणि रात्री, दारू, अनियमित पैसा हे त्याच्यासोबत येतंच. म्हणूनच पदवी आधी हवी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखन शिकता येतं. कॉपीराइटचं ज्ञानही तितकंच गरजेचं. १९५७ च्या कायद्यातील कलम ५२(१)(झेडए) लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट देतं, पण हॉटेल-क्लबमध्ये व्यावसायिक कार्यक्रमाला पीपीएल, आयपीआरएससारख्या संस्थांचे परवाने लागतात. दुसऱ्याच्या गाण्याचं रिमिक्स विनापरवानगी यूट्यूबवर टाकून नाव होईल, पण त्यावर हक्क आपला राहणार नाही.

तेव्हा बारावीपर्यंत खर्च थोडा ठेवा: घरातला संगणक, बरे हेडफोन आणि गाणी जोडायचं एखादं मोफत सॉफ्टवेअर. गाणी मिसळायचं यंत्र, म्हणजे कंट्रोलर, पदवीच्या पहिल्या वर्षी घ्या, तोही मुलाचं काम ऐकून. या सुट्टीत त्याला अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला सांगा: आठ गाणी, मधलं निवेदन त्याचं स्वतःचं, विषय त्याच्या तालुक्याचा. दर महिन्याला एक, असे सहा करून घ्या. सहावा पहिल्यापेक्षा ऐकण्याजोगा झाला असेल तर आकाशवाणीच्या स्वरचाचणीची जाहिरात त्याच्यासोबत बसून शोधा; तिसऱ्यालाच त्यानं सोडून दिलं असेल, तर टेम्पोभर स्पीकरचे पैसे वाचले आहेत.