चहातली साखर आणि बांधावरची फेरी

उसाला सारे नत्र आपण एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, सहा-आठ आठवड्यांनी ४०, मग १० आणि मोठ्या बांधणीला ४०. शरीराचेही तसेच. पूर्वी दारे धरायला चालत जायचो, आता बांधापर्यंत फटफटी! आमच्या रक्तातली साखर वाढली तेव्हा एका दिवसात सगळे गोड सोडले. आठवड्यात पुन्हा पहिले पाढे. दुसऱ्या खेपेला चहात दोन चमच्यांचा दीड केला, पंधरवड्याने एक. (कारखान्याच्या अंकात हे लिहिताना हसू येते.) फटफटी आधी फाट्यावर ठेवली, नंतर घरीच. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालावे. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे आणि उपाशीपोटी निघू नये.