दहा फुटांची खोली, पाच इंचांचा स्लॅब: आरसीसी डिझाइन शिकण्याची एक कृती

इंदापूर तालुक्यातल्या कळसमधून रोज एसटीने बारामतीला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला तिसऱ्या वर्षी आरसीसी डिझाइन हा विषय लागला की तो सोडवलेली गणितं पाठ करायला बसतो. सूत्रं पाठ होतात, पेपरही निघतो, पण स्लॅब कळत नाही. आणि त्याच वेळी त्याच्याच आळीत कुणाचं तरी सेंट्रिंग लागलेलं असतं. ते सेंट्रिंग आणि वही एकत्र आणायची एवढीच ही कृती. एका खोलीला चार दिवस लागतात.

जवळ काय हवं: मीटर टेप, वर्निअर कॅलिपर (नसेल तर पट्टी), आखीव वही, कॅल्क्युलेटर आणि आयएस ४५६:२००० चा कोड. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की कोड मोफत मिळतो. मोबाइलवर ठेवू नका, छापून घ्या. समासात पेन्सिलने लिहिल्याशिवाय तो आपला होत नाही. सॉफ्टवेअर या चार दिवसांत उघडायचं नाही.

पहिल्या दिवशी फक्त मापं. मालकाला आणि मिस्त्रीला विचारून वर चढा. भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत अंतर घ्या, भिंतीची जाडी घ्या, सळईचा व्यास आणि दोन सळयांमधलं अंतर घ्या. मग मिस्त्रीमामांना विचारा की हे असंच का. आमच्याकडे उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "दहा फुटाला पाच इंची स्लॅब, पाच इंचावर आठची सळई." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं लिहा. पुढचे दोन दिवस हेच तपासायचं आहे.

दुसऱ्या दिवशी गणित. समजा खोली आतून ३ मीटर रुंद, ६.५ मीटर लांब आणि भिंती २३० मिमीच्या आहेत. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त, म्हणजे स्लॅब एकाच दिशेने वाकणार. मुख्य सळई आखूड बाजूला. हे कागदावर रेघ मारून बघा: टेकू दोन कडांना, मध्ये झोळ, ताण खालच्या अंगाला. काँक्रीट दाब सोसतं, ताणाला लगेच तडकतं, म्हणून सळई खाली. ही आकृती काढल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नका.

जाडी १२५ मिमी धरा. त्यातून २० मिमी कव्हर आणि सळईचा अर्धा व्यास ४ मिमी वजा केला की प्रभावी खोली १०१ मिमी. प्रभावी गाळा ३.१ मीटर. आता प्रत्येक चौरस मीटरवरचा भार: स्लॅबचं स्वतःचं वजन ०.१२५ गुणिले २५, म्हणजे ३.१२५ किलोन्यूटन. फरशीचा १. राहत्या घराचा वापराचा भार आयएस ८७५ प्रमाणे २. बेरीज ६.१२५, दीडपट केली की ९.१९. एक मीटर रुंदीच्या पट्टीसाठी त्याला गाळ्याच्या वर्गाने गुणून आठाने भागा. ११ किलोन्यूटन-मीटर आघूर्ण आला.

एम २० काँक्रीट आणि एफई ५०० सळईसाठी ही जाडी २७ पर्यंत पेलते, म्हणजे जाडीला ताकदीची अडचण नाही. कोडच्या जोडपत्र जी मधल्या सूत्रातून मीटरला २६९ चौरस मिमी सळई निघते. आठच्या एका सळईचं क्षेत्रफळ ५०.३, तेव्हा १८० मिमीवर एक सळई पुरे, म्हणजे सात इंचांवर.

इथे मुलं थांबतात. मामा पाच इंचांवर टाकतात, कोड सात म्हणतो, म्हणजे मामा लोखंड वाया घालवतात, असं वहीत लिहून मोकळी होतात. मी स्वतः विद्यार्थी असताना हेच लिहिलं होतं आणि एका जुन्या मिस्त्रींना ते ऐकवलंही होतं. ते काही बोलले नाहीत, नुसतं स्लॅबकडे बोट दाखवून म्हणाले, "पडणार नाही रे, पण लवंल."

तिसरा दिवस या 'लवंल'चा. कलम २३.२.१ उघडा. दोन टेकूंवरच्या स्लॅबला गाळा भागिले खोली हे गुणोत्तर २० पर्यंत चालतं, आणि सळईतल्या ताणानुसार आकृती ४ मधून मिळणाऱ्या गुणकाने ते वाढवता येतं. आपलं गुणोत्तर ३१०० भागिले १०१, म्हणजे ३०.७. सळई १८० मिमीवर ठेवली तर गुणक १.२९ च्या आसपास येतो आणि मर्यादा २५.७. नापास. सहा इंचांवर, म्हणजे १५० मिमीवर आणली तर मर्यादा २९.६. तरीही नापास. पाच इंचांवर, १२५ मिमीवर, मर्यादा ३३ च्या पुढे जाते आणि स्लॅब पास होतो.

म्हणजे मामांचं वाक्य बरोबर होतं. सळई जास्त पडली की तिच्यातला ताण उतरतो, ताण उतरला की वाक कमी होतो. हे कारण त्यांनी सांगितलं नव्हतं, ते तुम्ही शोधायचं होतं. दुसरी वाटही करून बघा: जाडी १५० मिमी केली तर सळई २०० मिमीवर पुरते, पण भार आणि काँक्रीट दोन्ही वाढतात. कुठली वाट घ्यायची ते ठरवणं म्हणजेच डिझाइन. आणि हेही लिहून ठेवा की पाच-पाचचा नियम दहा फुटांपुरताच आहे. बारा फुटांच्या खोलीला तोच लावणारे असतात, तेव्हा हे गणित पुन्हा मांडून दाखवणारं कुणीतरी घरात हवं.

उरलेल्या तपासण्या पटकन होतात. आडव्या सळईसाठी ०.१२ टक्के, म्हणजे १५० चौरस मिमी: आठची ३०० मिमीवर. शिअरचा ताण ०.१४ च्या आत, तिथे काळजी नाही.

चौथ्या दिवशी स्लॅब पडताना हजर राहा. कव्हर ब्लॉक खाली आहेत का ते हात घालून बघा, खडीचा तुकडा सरकवलेला चालत नाही. सगळ्यात जास्त लक्ष गॅलरीकडे द्या. गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली, तिथे ताण वरच्या अंगाला, म्हणून सळई वर. घमेली घेऊन माणसं तिच्यावरूनच जातात आणि ती पायाखाली दबते. १०१ मिमी खोलीतली सळई एक इंच खाली गेली तर ताकदीचा साधारण चौथा हिस्सा गेला. तुम्ही वहीत दशांश चिन्हानंतर दोन आकडे सांभाळले, ते इथे एका पावलात संपतात. लोखंडी चेअर लावायला सांगा, चालायला फळी टाकायला सांगा. मुलगा लहान असला तरी ही गोष्ट आदबीने सांगितली की मिस्त्री ऐकतात.

मग पाणी. इंदापूर तालुक्यातल्या कोरड्या उन्हात कोड किमान १० दिवस स्लॅब ओला ठेवायला सांगतो, पीपीसी सिमेंट असेल तर १४. वाफे बांधून पाणी साठवा, सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं पुरत नाही. उन्हाळ्यात गावात टँकर लागत असेल तर पाण्याची सोय झाल्यावरच स्लॅबची तारीख धरा. ३ मीटरच्या गाळ्याखालचे सेंट्रिंगचे टेकू ७ दिवसांच्या आत काढायचे नाहीत.

अशा तीन खोल्या करा: एक एकदिशा, एक चौरस, एक गॅलरीची. तिन्हींची पानं झाल्यावर पुस्तकातली सोडवलेली गणितं उघडा. आणि पाच-पाचचं कारण सापडलेलं पान त्या मिस्त्रीमामांना नेऊन दाखवा.